दुसरी किल्ली

कुलूप विकत घेताना मनुष्य कोणावर अविश्वास ठेवायचा हे ठरवीत असतो, आणि तो निर्णय कधीच सुखाचा नसतो. सायकलच्या दुकानात चाकात हवा भरून घेण्यासाठी थांबलो असता एका मायलेकींचे बोलणे कानी पडले.

“काका, हे साखळीचं कुलूप मजबूत आहे ना?”

“करवतीलाही दाद देणार नाही, ताई. दोन किल्ल्या मिळतील.”

“दुसरी माझ्याकडे दे गं. घरात खुंटीला अडकवते.”

“आधीचीही खुंटीलाच होती, आई. कुलूप तुटलं नव्हतं, उघडलं होतं.”

“हळू बोल. लोक ऐकताहेत.”

“ऐकू देत. ही सायकलही विकली गेली, तर पहाटेच्या पाळीला पोचणार कशी? नोकरी जाईल माझी.”

“तुझ्या भावानं शपथ घेतलीय आता. माझ्या डोक्यावर हात ठेवून.”

“मागच्या वेळीही तुझंच डोकं होतं.”

“पोटचा पोर आहे गं तो. किल्ली लपवलेली कळली तर काय वाटेल त्याला?”

“बरं, तूच सांग. त्यानं तुझ्याकडे किल्ली मागितली, तर नाही म्हणशील?”

माउलीने हातातले कुलूप लेकीच्या हाती दिले.

“नाही म्हणायला माझी जीभ रेटायची नाही. दोन्ही किल्ल्या तूच ठेव.”

परमेश्वर त्या घरातील तिघांचेही कल्याण करो.