दुरियानातली खार

सिबेरुत बेटाच्या धक्क्यावर बोट खोळंबलेली. माझ्या शेजारी दोन व्याही विड्या ओढत बसले होते. मुलाचा बाप अमान लेपोन, मुलीचा अमान रोइगे. लग्न ठरलेलं, पण मुलीसाठी मुलाकडच्यांनी द्यायच्या दुरियानच्या, म्हणजे फणसासारख्या काटेरी फळाच्या, झाडावर अडलेलं.

"झाड पोकळ दिलंत, व्याही."

"पोकळ कुठलं? आत उडणारी खार राहते."

"मग पोकळच की!"

"रिकामं नाही ना पण."

"फळं तरी धरतं का?"

"ढीगभर. ती आधी खाते, उरतील ती तुमची."

"मारा तिला आणि ढोली बुजवा."

"पोरगा ऐकत नाही. म्हणतो, ही खार आपल्या बेटांवरच आहे, बाकी जगात कुठं नाही."

"मग खारीशीच लग्न करा म्हणावं! दुसरं झाड दिल्याशिवाय माझी मुलगी तुमच्या घराची शिडी चढायची नाही."

"चढली की."

"आँ?"

"तुम्ही चार दिवस इथं बाजारात. ती परवाच आली."

"बोलावलं कुणी?"

"पोरानं. खार दाखवतो म्हणाला."

"मग दाखवली?"

"कसली! दिवेलागणीला जरा बाहेर येते, एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जाते, संपलं. हे दोघं दुपारपासून माना वर करून झाडाखाली बसतात."

"पोरगी जेवते का मग?"

"ताट तिथंच नेऊन देतो आम्ही."

अमान रोइगेनं विडी विझवली.

"मासा वाफवलेला देत जा. भाजलेला खात नाही ती."