मळीवर पोसलेली पिशवी

नगरहून नेवाशाला जाणाऱ्या एसटीत पुढच्या बाकावर मायलेकी होत्या. लेक कुठल्याशा प्रयोगशाळेत काम करत होती. आईच्या हातात फरसाणाची पांढरट पिशवी होती.

“धनश्री, ही जंतूंनी केली म्हनतीस?”

“हो आई. त्यांना साखर कारखान्यातली मळी खायला देतो. ते अंगात चरबीसारखं काहीतरी साठवतात, त्याची ही पिशवी.”

“दिवाळीला दिली हुतीस ती मी उकिरड्यात पुरली. गुढीपाडव्याला उकरलं, तर घावलीच न्हाई.”

“मातीतल्या जंतूंनी खाल्ली.”

“म्हंजे जंतूंनीच करायची आन् जंतूंनीच खायाची.”

“हो.”

“आपली गाय गेली, तवा डॉक्टरनं तिच्या पोटातनं घमेलंभर प्लास्टिकच्या पिशव्या काढल्या हुत्या.”

“तेव्हाच ठरवलं मी, हेच शिकायचं.”

“ही गाईनं खाल्ली तर?”

“ते अजून तपासतोय. आत्ताच खात्री देता येत नाही.”

“तपासा नीट.”

आईनं पिशवीतलं मूठभर फरसाण लेकीच्या हातावर ठेवलं.

“गावात इचारत्यात, लेक काय काम करती?”

“सांग, प्रयोगशाळेत आहे.”

“न्हाई. मी सांगीन, डोळ्यांना दिसत न्हाईत त्यांना माझी लेक जेवू घालती.”