यांचे गुडघे आणि स्विमिंग टँक

आमच्या यांचं काय सांगू? वजन उतरावं म्हणून पोहायला लागले आणि महिनाभरात गुडघे धरून बसले. जिना चढवेना.

टँकवरच्या कोच मॅडम रोज सांगायच्या, "काका, बेडकासारखे पाय मारताना गुडघे इतके फाकवू नका. कमरेच्या रुंदीइतकेच ठेवा आणि नुसत्या पोटऱ्या बाहेर फिरवा."

यांचं उत्तर ठरलेलं. "मी दिंडोरीच्या विहिरीत शिकलोय."

शेवटी मी वैतागले. म्हटलं, "मॅडमचं ऐका, नाहीतर उद्यापासून टँक बंद."

ऐकलं एकदाचं आणि हळूहळू दुखणंही थांबलं. परवा मी सोबत गेले, तर हे एका नवख्या गृहस्थांना तसेच पाय मारायला शिकवत होते. त्यांनी विचारलं, "छान सांगता हो. कुणाकडे शिकलात?"

हे म्हणाले, "कुणाकडे नाही. माझं मीच शोधून काढलं."

मॅडम शेजारीच उभ्या होत्या.