आजीचा हात झोपलाय

सासू : अगं, तो पिवळा मोजा कापू नकोस. टाच अजून शाबूत आहे त्याची.

सून : आई, त्याचा जोडीदार कधीचा बेपत्ता आहे. एका मोज्याचं काय लोणचं घालायचंय?

सासू : बाहेर थंडी मी म्हणतेय आणि ही घरातले मोजे कापायला बसली. सांगायचीही सोय नाही कुणाला.

खारू : मोजा! मोजाला पोट!

सून : हो गं माझी राणी, मोज्याला पोट. त्यात कापूस भरायचा, वरून दोऱ्याने मान आवळायची, दोन बटणं लावायची, की झाला बर्फाचा माणूस. बाहेर नेता येत नाही तुला, धुक्यात समोरची गच्चीसुद्धा दिसत नाहीये. आणि तुझा खोकला आत्ता कुठे थांबलाय. आजी दाखवेल हं कापूस कसा भरायचा ते.

सासू : आजी बघेल. आजीला बघायला आवडतं.

सून : इतकी वर्षं बाइंडिंगच्या कारखान्यात काय नुसतं बघत होतात? तुमचे चिरंजीव तर वेगळंच सांगतात. म्हणे, आईच्या दोन्ही हातांखालून कागद नुसते पळायचे. मशीन बिघडलं की मालक मेकॅनिकच्या आधी तुम्हाला हाक मारायचा.

सासू : त्याला काय, आईचं कौतुक करायला पैसे पडत नाहीत. ती गोष्ट संपली आता. झटका आला, बाजू गेली. मग पाय परत आला, जीभ परत आली...

सून : जीभ जरा जास्तच आली.

सासू : आली ना? उजवा हात नाही आला. नाही तर नाही.

सून : डॉक्टर म्हणाले येईल. हळूहळू.

सासू : डॉक्टरांचं हळूहळू म्हणजे शिंप्याचं उद्या. बटणं गोंदाने चिकटवू नकोस गं. ही पोरगी उपटून तोंडात घालेल. शिवून लाव.

सून : तुम्ही लावून द्याल?

सासू : दोरा दुहेरी घे.

सून : बरं, मी लावते. खारू, तोवर हा खेळ. हे कापसाचे गोळे चिमट्याने उचलायचे आणि त्या वाटीत टाकायचे. सरक आजीकडे. हा चिमटा तुझा, आणि आई, हा तुमचा. उजवीकडे ठेवलाय.

सासू : हा कुठून आणलास?

सून : स्वयंपाकघरातला आहे.

सासू : स्वयंपाकघरातल्या चिमट्याला दात आहेत. याला नाहीत. हा त्या व्यायामवाल्या बाईंचा आहे. त्यांना निरोप दिला त्या दिवशी मी स्वतः त्यांच्या पिशवीत टाकला होता.

सून : मग... असेल.

सासू : असेल काय? काल मणी ओवायला बसवलंस. परवा स्पंज पिळायला. त्याआधी कागदाचे कपटे करा म्हणे, बर्फ पाडायचाय. जन्मभर कागद जपला मी आणि तू माझ्याकडून तो फाडून घेतलास! तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. दोन-अडीच वर्षांच्या पोरीला रोज सकाळी नवा उद्योग, आणि प्रत्येक उद्योगात आजीसाठी उजव्या बाजूला एक जागा.

सून : तुम्ही ओळखलंत. त्या बाईंकडूनच मागून आणलाय मी तो.

सासू : हात गेलाय माझा, डोकं नाही. आमच्या वेळी लेकी बोले सुने लागे असं होतं. तू पार उलटं केलंस. नातीला खेळ आणि सासूला व्यायाम!

सून : चुकलं माझं.

सासू : सरळ सांगायचं होतंस.

सून : सरळ सांगून झालं होतं, आई. त्या बाईंना तुम्ही चहा पाजलात आणि वाटेला लावलंत.

सासू : कारण त्या मला टाळ्या वाजवत होत्या. एका वाटीतले वाटाणे दुसऱ्या वाटीत टाकले, तर म्हणाल्या, शाब्बास आजी! माझ्या हाताखाली बायका शिकून तयार झाल्या गं. माझ्या हातून सुई खाली पडलेली त्यांच्यातल्या एकीने पाहिली नाही. आणि आता मी वाटाण्यासाठी शाब्बासकी घेऊ? लाज वाटते मला. त्या हाताकडे बघवत नाही, खरं सांगते. म्हणून शालीत ठेवते झाकून. तुला वाटतं थंडी वाजते.

सून : नाही वाटत मला तसं. कळतं.

खारू : आई, पोट सांडलं!

सून : अगं बाई, सगळा कापूस बाहेर आला. थांब, परत भरू. तू मोज्याचं तोंड धरून ठेव, मी भरते. असं, दोन्ही हातांनी. खारू, दुसरा हात कुठाय?

खारू : नाही.

सून : काढ ना तो फ्रॉकखालून. आईला मदत करायची ना?

खारू : झोपलाय.

सासू : कोण झोपलंय?

खारू : हात. आजीचा झोपला. माझा पण झोपला.

सासू : हे काय बोलतेय ही?

सून : तुम्हीच सांगितलंत ना तिला. ती तुमची बोटं ओढत होती, आजी दे, आजी दे करत. तेव्हा तुम्ही म्हणालात, आजीचा हात झोपलाय, त्याला उठवायचं नाही.

सासू : मग एवढ्याशा जिवाला काय सांगायचं? अर्धांगवायू? काहीतरी बोलून गेले. खेळतेय ती. नकला करतात मुलं.

सून : मलाही तेच वाटलं. पहिल्यांदा तर मी हसले. मग लक्ष ठेवलं. माझ्याकडे दूध पिताना दोन्ही हात. अंघोळीला दोन्ही हात. बाबा आला की दोन्ही हातांनी मिश्या ओढते त्याच्या. फक्त तुमच्या शेजारी बसली, की उजवा हात गेला आत. मणी एका हाताने. आणि कागद कसा फाडला बघितलंत? गुडघ्याखाली दाबून धरला आणि डाव्या हाताने ओढला.

सासू : गुडघ्याखाली...

सून : तुम्ही तसाच धरता ना.

सासू : धरते. दुसरं काय करणार?

सून : काल मी मुद्दाम तिच्या उजव्या हातावर बिस्कीट ठेवलं. तिने ते डाव्या हाताने उचललं, खाल्लं, आणि उजवा हात परत झाकून ठेवला. तुमच्याकडे बघून हसली वर. तिला वाटतंय, हे असंच करायचं असतं. शहाण्यासारखं.

सासू : आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस.

सून : काय बोलणार होते? तुम्ही उठून खोलीत जाऊन बसला असतात.

सासू : बसलेच असते. बसायलाच हवं. माझी काठी दे ती.

सून : आई.

सासू : दे म्हणते ना. माझं मेलीचं जे व्हायचं ते झालं. पोरीला कशाला माझी लागण? तू तिला घेऊन इथे खेळ. जेवायच्या वेळी मला आत ताट दे.

सून : बघा, अगदी हेच. म्हणून तोंड उघडलं नव्हतं मी. तुम्ही आत जाल आणि ही दाराशी फतकल मारून बसेल. दिवसभर दार वाजवेल, तेही एका हाताने. तुमच्याशिवाय घास उतरत नाही तिच्या घशाखाली. आणि खरं सांगू? मलाही नाही करमत. सकाळी ते कपटे न् मणी मांडते ना, तेव्हा मलाच बरं वाटतं, आज परत तुम्ही भांडाल माझ्याशी. मला तुम्ही इथे हव्या आहात, आई. या चटईवर. हातासकट.

खारू : आजी बस.

सासू : बसलेय गं. अजून कुठे उठलेय?

खारू : आजी बस इथे. मोजा धर.

सासू : मोजा धर म्हणे. कारखान्याच्या मालकाला जमला नाही असा हुकूम... सूनबाई, जरा मागून शाल ओढ माझी. माझ्याच अंगाखाली अडकलीय.

(शाल खाली पडते.)

सासू : हं. खारू, इकडे बघ. हा बघ आजीचा हात.

खारू : उठला?

सासू : उठतोय. आळशी आहे मेला. मीच लाडावून ठेवला.

खारू : हात, ऊठ! ऊऽऽठ!

सासू : ओरडू नकोस, घाबरेल तो. आण तो मोजा. इथे ठेव बोटांत. हं... हं... अंगठ्याचं ऐकत नाही एकही बोट. पाचही जण रुसून बसल्यासारखे.

खारू : पडला!

सासू : पडला. असू दे. परत दे.

खारू : परत पडला!

सासू : परत पडला. सूनबाई, टाळ्या वाजवल्यास तर याद राख.

सून : मी कुठे काय? मी कापूस गोळा करतेय.

सासू : तोंड तिकडे करून गोळा कर. बघितलंस की जमत नाही.

सून : केलं तिकडे.

खारू : आजी, असं नाही. असं. असं धर.

सासू : अगं, हळू. माझं नख... अगं, पोरीच्या अंगात जोर केवढा! कणीक मळल्यासारखी दाबतेय मला.

सून : काय करतेय ती?

सासू : माझी बोटं मिटवतेय. मोज्याभोवती. एकेक करून.

सून : वळू का मी?

सासू : वळ.

सून : आई... दोन्ही हात.

सासू : काय?

सून : तिने दोन्ही हातांनी धरलाय तुमचा हात.

सासू : दिसतंय मला. मघापासून दिसतंय. म्हणून तर दुखतंय तरी गप्प बसलेय. तू रडू नकोस हं. ही बघून बघून शिकते, माहीत आहे ना?

सून : रडत नाहीये. डोळ्यात कापूस गेलाय.

सासू : बरोबर. माझ्याही गेलाय. धर आता पटकन, भर तो कापूस, माझी मूठ सुटायच्या आत. अगं, दाबून नको. हलका भर. ठासून भरलास तर माणूस नाही, उशी होईल.

खारू : पोट आलं! आजी, पोट आलं!

सासू : आलं बरं. आजोबांसारखं आलं. ते असते तर चिडले असते. सोड आता माझा हात, घाम फुटला बाई मला.

खारू : नाही सोडत.

सासू : बरं, नको सोडूस. सूनबाई, उद्या काय मांडणार आहेस?

सून : उद्या? तुम्ही बसणार?

सासू : विचारलं तेवढं सांग.

सून : मैद्याचा गोळा मळीन म्हणते, मीठ घालून. त्याचे पक्षी करायचे आणि खिडकीत वाळत ठेवायचे. त्या बाई म्हणाल्या होत्या, गोळा घट्ट असला की बोटांना जास्त... म्हणजे, घट्ट मळू का?

सासू : घट्ट नको. सैल मळ. आम्हा दोघींना दाबता येईल असा.