जीव गार झाला

आमच्या आईनं नव्या सुनेला पहिल्याच भेटीत रडवायचं तेवढं बाकी ठेवलं होतं, बरं का. भावाची बायको हेल्गा, नॉर्वेची. नागपूरला आली ती भर मे महिन्यात. आईनं तिला थेट कूलरसमोर बसवलं. आमच्याकडे मानाची जागा तीच. गालावरून हात फिरवत म्हणाली, "पोरी, तुले पाहून माहा जीव थंडगार झाला वं."

भाऊ इंजिनीयर माणूस. त्यानं शब्दाला शब्द लावून भाषांतर केलं. हेल्गाचा चेहराच पडला. तिच्या बर्फाळ देशात थंड मन म्हणजे माया नसलेलं.

ती म्हणाली, "मला तर त्या गरम मनाच्या वाटल्या होत्या."

भावानं तेही तसंच्या तसं आईला सांगितलं.

"मी कोणावर गरम झाली गा? काहून असं म्हणून राहिली ही?"

आई रुसून तोंड फिरवून बसली. तेवढ्यात लाईट गेली. हेल्गा बघता बघता लालबुंद झाली. आई रुसवा विसरून तिला पदरानं वारा घालत बसली. लाईट आली, कूलरच्या वाळ्याचा गार झोत अंगावर आला, तसा हेल्गानं आईचा हात धरला.

"त्यांना सांग, त्यांचं प्रेम या कूलरसारखं आहे."

आई खुलली. कोपऱ्यातून बाबा म्हणाले, "बरोब्बर ओळखलं पोरीनं. आवाजही तेवढाच करते."