मामाची तहान

माझी शुगर निघाली तेव्हाची गोष्ट आहे. मी असा काडीसारखा, वय पंचवीस. डॉक्टर म्हणाले, "या वयात अशी शुगर बहुधा घराण्यातूनच येते. कुणाला होती?" वडील निफाडचे, त्यांच्याकडे सगळे ठणठणीत. आई सुरगाण्याकडची, कोकणा आदिवासी. जातीबाहेर लग्न केलं आणि तिचं माहेर तुटलं. म्हणून मी तिला घेऊन पहिल्यांदाच तिकडे गेलो.

मावशी ओट्यावर तांदूळ पाखडत होती. मला बघताच तिच्या हातातून सूप पडलं.

"किसन?"

"अगं, हा माझा मुलगा," आई म्हणाली.

मावशीनं माझ्या गालाला हात लावला. "तुला बी लय तहान लागते का रं?"

शुगरचा विषय आम्ही काढलाही नव्हता.

किसन म्हणजे आईचा धाकटा भाऊ. आई लग्न करून गेल्यावर तो पाणी पीत पीत सुकला आणि माझ्याच वयात गेला. घरच्यांना वाटलं, भुतानं धरलं.

"आता त्यानं हिला धरलंय," म्हणत मावशीनं आत बोट दाखवलं. तिची तरणी लेक माठाशी बसून तांब्यामागून तांब्या पीत होती. चेहरा थेट माझा.

शुगरचं मशीन माझ्या पिशवीत होतं. तिचं बोट टोचलं, तर मशीनला आकडाच दाखवता येईना, इतकी शुगर. तशीच गाडीत घालून तिला नाशिकच्या दवाखान्यात आणलं.

पोरगी वाचली. मावशीनं डॉक्टरांना विचारलं, "भूत गेलं का?"

"भूत नव्हतं, मावशी," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या रक्तातच आहे ते."

मावशी माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "मंग ते जायाचं कसं?"