आलंच

— नाही हो काका, दोष वाटेचा नाही, मूर्ख मीच. चांगली बेचाळीस वर्षांची बाई, दोन पोरं पदरात, आणि माहितीपत्रकातलं 'सोपी' खरं मानून बसले. 'सोपी वाट, सहकुटुंब, दीड तास, वर झोपडीत रात्रीचा मुक्काम.' कुणाचं कुटुंब ते विचारायला हवं होतं. सकाळी दहाला निघालोय, आता साडेतीन. तुमचं चालू द्या, धार काढा निवांत, मला घाई नाही — म्हणजे आहे, पण आधी श्वास येऊ दे. चार जणांचं बुकिंग आहे, ते नंतर बघू. त्याआधी एक छोटंसं काम होतं तुमच्याकडे — तुम्ही फक्त बाहेर येऊन माझ्या मुलीला सांगायचं, की झोपडी आहे.

हसू नका. — हसला नाहीत? बरं, मला तसं वाटलं.

झालंय काय, ती खाली त्या वळणावर दगडावर बसलीये. थोरली, सात वर्षांची. दोन मिनिटांचं अंतर आहे हो, पण उठायला तयार नाही. धाकट्याचं बरंय, तो पहिल्या ओढ्यापासून बापाच्या खांद्यावर — आता झोपलाय, लाळ गळतेय बापाच्या टकलावर. पण हिला मी पहिल्या चढावर म्हटलं, 'आलंच हं.' दुसऱ्या चढावर, 'आलंच की.' मग म्हटलं, ते झाड दिसतंय ना, त्याच्या मागेच. झाडामागे काय, झाड. सगळ्या आया म्हणतात हो असं, ते काही खोटं नसतं — धीर असतो तो. नवरा म्हणाला, अगं, माहीत नाही म्हणून सांग ना सरळ. कसं सांगणार? वाट मी निवडली, बेत माझा, आणि जाऊबाईंना परवाच फोनवर सांगून मोकळी झालेय, 'काही नाही हो, पोरं नाचत जातील.' त्यांच्या पोरांनी असल्या तीन वाटा केल्यात, गाणी म्हणत. म्हणजे जाऊबाई तसं सांगतात.

आणि ही मोजत होती. मला काय कल्पना — आधी बोटांवर, मग बोटं संपल्यावर खडे खिशात टाकत. एका 'आलंच'ला एक खडा. त्या वळणावर खिसा उलटा केला माझ्यापुढे. एकोणतीस. म्हणाली, आई, आता तू खरं बोललीस तरी मला कळणार नाही. — सात वर्षांची पोर. कुणावर गेलीये विचारू नका, सासूबाईंवर.

तुम्ही बोलत नाही ते बरंय, दमलेल्या माणसाला तेवढंच बरं वाटतं. छान ठेवलंयत सगळं, साधं — त्या गवताच्या गाद्या ना? आणि शेळ्या आतच, वा, पोरांना आवडेल, सकाळी ताजं दूध. पत्रकात 'निसर्गाच्या कुशीत' लिहिलंय, पण इतकं कुशीत असेल असं नव्हतं वाटलं. वास येतोय जरा — नाही, तक्रार नाही.

तसे खडे काही आजचेच नाहीत. — म्हणजे, तसं नव्हतं म्हणायचं मला. आता निघालंच तोंडातून तर — गेल्या महिन्यात शाळेत नाटक होतं तिचं. कासव झाली होती. पाठीला टोपली, मीच बांधून दिलेली. ऑफिसातून फोनवर म्हटलं, 'आलेच, निघालेय.' निघाले नव्हते हो. मीटिंग होती — मीटिंगही नव्हती, साहेबांच्या केबिनबाहेर नुसती घुटमळत होते, लवकर गेले तर डोळ्यावर येईल म्हणून. पोचले तेव्हा सगळे गेलेले, आणि ही पायरीवर शिपाईमामांशेजारी, टोपली तशीच पाठीला. रडली नाही. रडली असती तर खाऊ देऊन मिटवलं असतं. नुसतं म्हणाली, 'गाठ मागे आहे, माझ्यानं सुटत नाही.'

म्हणून हा बेत. म्हटलं, एक तरी गोष्ट अशी करू की मी 'आहे' म्हणते, आणि ती तिथे असते.

आणि मघाशी — हा खरा मूर्खपणा — मी शपथ घेतली. म्हटलं, बाळा, छप्पर दिसलंय मला, या डोळ्यांनी. ती मुक्कामाची झोपडी नसली तर जन्मात माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तर म्हणाली, 'बरं.' असं 'बरं', की मी तडक पळतच आले इथे. पण घाबरायचं कशाला, झोपडी तर आहे, दाराला हात लावून पाहिला मी — फक्त सांगायचं तुम्ही. परक्या माणसाचं ऐकेल ती.

ही बघा, उठली वाटतं. बापानं उठवलं. येतेय, येतेय — अगं, इकडे, दारात ये, काका सांगतायत. काका, ती बादली ठेवा जरा खाली, आणि एकदाच, मोठ्यानं, तिच्याकडे बघून सांगा — हीच ना ती झोपडी?

"ही शेळ्यांची आहे, बाई. माणसांची अजून तासभर वर."